पडद्यामागचा पुरस्कार पडद्यासमोर द्या

६ एप्रिल १९४७. ईस्टरचा रविवार होता आणि न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात नाटकवाल्यांची मोठी पंगत बसली होती. त्या रात्री टोनी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. आर्थर मिलर यांना नाट्यलेखनासाठी, कुर्ट वाइल यांना संगीतासाठी, ॲग्नेस डी मिल यांना नृत्यरचनेसाठी. ही नावं आज नाटकाच्या कुठल्याही इतिहासात सापडतात. पण त्या रात्रीची यादी खालपर्यंत वाचत गेलं की मी दर वेळी अडखळते. डोरा चेंबरलेन या बाई मार्टिन बेक थिएटरच्या तिकीट खिडकीचा कारभार बघायच्या. तिथे कधीच न ढळलेल्या सौजन्यासाठी त्यांना पुरस्कार मिळाला. व्हिन्सेंट सार्डी यांना मिळाला तो वीस वर्षं आपल्या खाणावळीत नाटकमंडळींना घरासारखा आसरा दिल्याबद्दल. पी. ए. मॅकडोनल्ड यांना एका नाटकाच्या गुंतागुंतीच्या रंगमंच-बांधणीसाठी. आणि कॅट्झेनबर्ग नावाच्या एका जोडप्याला, ते प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला उत्साहाने हजर असायचे म्हणून!

तिकीट विकणारी बाई, जेवू घालणारा माणूस, सुतारकाम करणारा कारागीर आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक. नाटक कोण उभं करतं या प्रश्नाला टोनीने पहिल्याच वर्षी दिलेलं उत्तर इतकं भरलेलं होतं. पुढच्या पाऊणशे वर्षांत हे उत्तर आक्रसत गेलं, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

ज्यांना टोनीची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅनहॅटनमधली ४१ नाट्यगृहं ब्रॉडवेची मानली जातात, प्रत्येकात किमान ५०० खुर्च्या. तिथे त्या हंगामात आलेली नाटकं आणि म्युझिकल यांनाच हा पुरस्कार मिळू शकतो. (म्युझिकलला मी मुद्दाम ‘संगीत नाटक’ म्हणत नाही. आपलं संगीत नाटक ही वेगळी चीज आहे, तिथे गायक पदात रमतो आणि प्रेक्षक वन्स मोअर मागून त्याला आणखी रमवतात. म्युझिकलमध्ये गाणं गोष्टीला पुढे ढकलतं आणि नाच, गाणं, संवाद सेकंदासेकंदाने बांधलेले असतात.) सोहळा साधारण जूनमध्ये होतो. आठशेहून अधिक जण मत देतात. हल्ली स्पर्धेचे २६ विभाग आहेत. पुरस्काराचं नाव आलं अँटोनेट पेरी यांच्यावरून, टोनी हे त्यांचं लाडाचं नाव. त्या नटी होत्या, दिग्दर्शिका होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन थिएटर विंग या संस्थेचं काम खांद्यावर घेतलं होतं. या संस्थेने ४४व्या रस्त्यावरच्या एका नाट्यगृहाच्या तळघरात सैनिकांसाठी कँटीन चालवलं. नावाजलेले नट-नट्या तिथे येऊन सैनिकांना वाढायचे, बश्या विसळायचे, गाणी म्हणायचे. १९४६च्या जूनमध्ये पेरी गेल्या आणि त्यांच्या आठवणीसाठी हा पुरस्कार सुरू झाला. पहिल्या यादीत खाणावळवाला कसा आला याचं कोडं मला त्या कँटीनपाशी सुटतं. ज्या बाईने नटांना बश्या विसळायला लावलं तिच्या नावाचा पुरस्कार फक्त प्रकाशझोतातल्या माणसाला कसा देणार?

सुरुवातीची काही वर्षं हे भान टिकून होतं. १९४८पासून टोनीत रंगमंच तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र पुरस्कार होता. प्रयोग चालू असताना दोऱ्या ओढणारा, सेट सरकवणारा, पडदा वेळेवर पाडणारा माणूस त्यात मोडायचा. वाद्यवृंदाच्या संचालकालाही वेगळा पुरस्कार होता. १९६३मध्ये तंत्रज्ञांचा पुरस्कार शेवटचा दिला गेला, १९६४मध्ये वाद्यवृंद संचालकांचा. त्यानंतर ते विभागच राहिले नाहीत. १९६७मध्ये अलेक्झांडर कोहेन या निर्मात्याने हा सोहळा देशभरच्या टीव्हीवर नेला. या दोन गोष्टींमध्ये कार्यकारणाचा धागा जोडायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तो जोडतही नाही. पण टीव्ही आल्यानंतर उलट दिशेने जायला जागा उरली नाही हे मात्र दिसतं. पंगतीचा कार्यक्रम झाला आणि कार्यक्रमाला वेळेचं बंधन आलं. वेळेचं बंधन आलं की पहिल्यांदा कात्री कुणाला लागते हे नाटकाच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

२०१५ची गोष्ट घ्या. ‘फन होम’ या म्युझिकलसाठी संगीतकार जनीन टेसोरी आणि गीतकार लिसा क्रॉन यांना संगीत-गीतांचा पुरस्कार मिळाला. दोघी बायकांनी मिळून लिहिलेल्या कामाला हा पुरस्कार मिळण्याची टोनीच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. अडुसष्ट वर्षांनी घडलेली गोष्ट! आणि हा क्षण थेट प्रक्षेपणात नव्हता. सभागृहात बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी बसलेल्या लाखो लोकांना तो तेव्हा दिसला नाही. म्युझिकलचा पुरस्कार सोहळा आणि त्यात संगीताचा पुरस्कार थेट दाखवायला वेळ नाही, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. घरी बसून बघणाऱ्यांत एखादी चौदा वर्षांची मुलगी असेल, पेटीवर चाली लावत बसणारी. तिला त्या दोघी दिसायला हव्या होत्या.

२०२१मध्ये तर हे टोकाला गेलं. करोनामुळे १२ मार्च २०२० रोजी ब्रॉडवेचे दिवे मालवले होते. रखडलेला सोहळा अखेर २६ सप्टेंबर २०२१ला झाला. त्याचे दोन भाग केले गेले. पहिल्या भागात जवळजवळ सगळे पुरस्कार वाटले गेले, तो पैसे भरून बघायच्या इंटरनेट वाहिनीवर होता. दुसरा भाग सीबीएस या टीव्ही वाहिनीवर, सगळ्यांना दिसणारा. त्यात गाणी होती, आणि तीनच पुरस्कार होते: नाटक, नाटकाचं पुनरुज्जीवन आणि म्युझिकल. दीड वर्ष बेकार बसलेले प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, नेपथ्यकार त्या रात्री परत आले होते. नाटक पुन्हा सुरू झालं हे सांगायचा तो सोहळा होता, आणि ज्यांच्या हातांनी ते सुरू झालं ते हात त्यात नव्हते. त्यानंतरच्या वर्षांतही पद्धत थोड्याफार फरकाने तीच आहे. पडद्यामागच्या कामांचे बरेचसे पुरस्कार मुख्य प्रक्षेपणाच्या आधीच्या वेगळ्या कार्यक्रमात उरकले जातात. तो कार्यक्रम इंटरनेटवर दिसतो, कुणालाही बघता येतो, हे मान्य. पण लग्नात एका पंगतीला आधी जेवून घ्या असं सांगितलं की त्या पंगतीला जे कळायचं ते कळतं.

ध्वनीची कहाणी सगळ्यांत बोलकी आहे, आणि माझ्या जिव्हाळ्याची.

कॉलेजात असताना मी एकांकिकांचं पार्श्वसंगीत चालवायचे. चालवायचे म्हणजे विंगेत एका स्टुलावर दोन टेपरेकॉर्डर, बारा-पंधरा कॅसेट, प्रत्येक कॅसेट नेमक्या जागी आणून ठेवलेली, पेन्सिल घालून हाताने फिरवून. पावसाचा आवाज एकात, रेल्वेचा दुसऱ्यात. नटाने वाक्य गाळलं तर माझा इशारा गळणार, मग तो शोधायचा, अंधारात, श्वास रोखून. एका स्पर्धेत आमच्या एकांकिकेला चार बक्षिसं मिळाली आणि परीक्षक निकाल सांगताना म्हणाले की शेवटच्या प्रवेशात नटीने जी शांतता निर्माण केली ती विलक्षण होती. नटी फार चांगली होती, खरंच. पण ती शांतता निर्माण व्हावी म्हणून मी सात मिनिटं पंख्याचा एक बारीक घरघराट चालू ठेवला होता आणि नेमक्या क्षणी बंद केला होता. प्रेक्षकांना तो ऐकू येत होता हे त्यांना तो थांबल्यावरच कळलं. मला बक्षीस नको होतं. परीक्षकांना ते ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकंच.

तर टोनीत ध्वनिसंरचनेला पहिल्यांदा पुरस्कार मिळाला २००८मध्ये, म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यानंतर एकसष्ट वर्षांनी. आणि सहाच वर्षांनी, २०१४च्या जूनमध्ये, तो विभाग रद्द केल्याची घोषणा झाली. मत देणाऱ्यांपैकी अनेकांना ध्वनीचं काम कसं जोखायचं ते कळत नाही, काहींच्या मते ती कला नसून तांत्रिक काम आहे, असं तेव्हा छापून आलं. आता ब्रॉडवेवर ध्वनीचं काम म्हणजे काय ते बघा. नटाच्या केसांत, टोपाखाली, मटारएवढा माइक लपवलेला असतो. नाचताना घाम येतो, टोप सरकतो, तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे, आणि आवाज भोंग्यातून आल्यासारखा न वाटता समोरच्या नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटला पाहिजे. मागे आवाज नियंत्रणाच्या कन्सोलवर बसलेला माणूस ज्याचं वाक्य असेल त्याचाच माइक त्या क्षणी उघडतो आणि वाक्य संपताच मिटतो. आठवड्याला आठ प्रयोग, प्रत्येक प्रयोगात शेकडो वेळा. तो संहितेबरोबर श्वास घेत असतो. हे तांत्रिक काम असेल तर तबल्याची साथही तांत्रिक कामच म्हणायला हवी.

ध्वनीवाले गप्प बसले नाहीत. हजारोंच्या सह्यांचा अर्ज गेला, दिग्दर्शक आणि संगीतकार त्यांच्या बाजूने बोलले. २०१७मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि २०१८च्या सोहळ्यात हे पुरस्कार परत आले. ‘द बँड्स व्हिजिट’साठी काइ हराडा यांना मिळाला, तर नाटकांच्या गटात हॅरी पॉटरवरच्या नाटकासाठी गॅरेथ फ्राय यांना. परत आणताना एक शहाणपणाची दुरुस्ती झाली: या विभागात सगळ्यांनी मत न देता त्यातलं कळणाऱ्या मतदारांनीच द्यायचं. म्हणजे कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, हा साधा उपाय २०१४मध्येही हाताशी होता. ऐकू न आलेल्या गोष्टीचं महत्त्व नाकारणं त्याहून सोपं वाटलं, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते पोकळ नाही, म्हणून नीट मांडते.

ब्रॉडवेवर एक मोठं म्युझिकल उभं करायला एक-दोन कोटी डॉलर सहज लागतात, कित्येकदा त्याहून जास्त, आणि बहुतेक प्रयोगांची घातलेली रक्कम परत येत नाही. देशातल्या दूरच्या गावात बसलेल्या माणसाला हे नाटक आहे हे कळण्याची वर्षातली जवळजवळ एकमेव संधी म्हणजे टोनीची रात्र. त्या रात्री चार मिनिटं गाणं दिसलं की दुसऱ्या दिवशी तिकिटं हलतात. म्हणून तर तो तुकडा सादर करण्याचा लाखो डॉलरचा खर्च निर्माते स्वतःच्या खिशातून करतात. तिकिटं हलली तर प्रयोग चालतो, प्रयोग चालला तर त्याच प्रकाशयोजनाकाराला, त्याच सेट सरकवणाऱ्याला पगार मिळतो. शिवाय वाहिनीला प्रेक्षक हवेत. टोनीचे प्रेक्षक ऑस्करच्या मानाने थोडेच, आणि वाद्यवृंद संयोजनाचा पुरस्कार लागला की ते चॅनल बदलतील अशी भीती. वाहिनीने सोहळाच सोडून दिला तर सगळ्यांचंच नुकसान.

या युक्तिवादातला पैशाचा भाग मला पटतो. वेळेचा भाग पटत नाही, कारण हिशेब करून बघितला तर तो टिकत नाही. मुख्य प्रक्षेपण तीन तासांचं, म्हणजे १८० मिनिटं. २६ पुरस्कारांना प्रत्येकी अडीच मिनिटं दिली, नाव पुकारण्यापासून आभारापर्यंत, तर ६५ मिनिटं होतात. दहा प्रयोगांच्या तुकड्यांना प्रत्येकी चार मिनिटं धरली तर ४०. एकूण १०५. जाहिराती, सुरुवातीचं गाणं आणि दिवंगतांना श्रद्धांजली यांसाठी ७५ मिनिटं उरतात. जमतं. ओढाताण होईल, पण जमतं. सध्या तो वेळ जातो कुठे? सूत्रसंचालकाच्या विनोदांत, नाटकाशी संबंध नसलेल्या तारे-तारकांच्या लिहून दिलेल्या जुगलबंदीत. आणि हे टाळता येतं याचा दाखला टोनीनेच दिला आहे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप चालू होता. लेखकांच्या संघटनेने अट घातली की लिहिलेलं काहीही वापरायचं नाही. वॉशिंग्टन हाइट्समधल्या युनायटेड पॅलेसमध्ये सोहळा झाला, संहितेशिवाय. माणसं आली, नावं वाचली, गाणी झाली, आभार मानले. आकाश कोसळलं नाही. मला तर गेल्या कित्येक वर्षांतला तोच सोहळा नाटकाच्या सर्वांत जवळचा वाटला.

आणि प्रेक्षक चॅनल बदलेल ही भीती मला त्याचा अपमान वाटते. जो माणूस तीन तास नाटकाबद्दलचा कार्यक्रम बघायला बसला आहे त्याला नाटकाबद्दल कुतूहल आहे. त्याला वीस सेकंदांत दाखवा की एक पोशाख नटाच्या अंगावरून बारा सेकंदांत कसा बदलतो. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ कळसूत्री बाहुलीचा होता. आत आणि भोवती माणसं, त्यांच्या खांद्यांनी वाघ श्वास घ्यायचा. लंडनच्या ऑलिव्हिए पुरस्कारांनी २०२२मध्ये तो वाघ चालवणाऱ्या सात जणांना मिळून सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार दिला. एक पुरस्कार, सात माणसं. हेच नाटक पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला आलं तेव्हा त्याला तीन टोनी मिळाले: नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी. वाघाला काही मिळालं नाही, कारण वाघ बसेल असा खणच टोनीकडे नव्हता. २०११मध्ये ‘वॉर हॉर्स’ नाटकातले कळसूत्री घोडे घडवणाऱ्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीला टोनीने विशेष पुरस्कार दिला होता, म्हणजे वाट माहीत आहे. ती मुख्य रस्त्याला जोडायची राहिली आहे.

खणांचा हा प्रश्न नटांनाही छळतो. म्युझिकलमध्ये पंधरा-वीस जणांचा ताफा असतो, म्हणजे कोरस, नाचणारा, गाणारा, गर्दी होणारा. शिवाय ‘स्विंग’ नावाची माणसं असतात. एकेका स्विंगला आठ-दहा जणांच्या जागा पाठ असतात, कोण आजारी पडेल त्याप्रमाणे संध्याकाळी पाच वाजता कळतं की आज कुणाच्या जागी उभं राहायचं. २०२१च्या डिसेंबरात ओमिक्रॉनची लाट आली तेव्हा ब्रॉडवेवर जे प्रयोग झाले ते यांच्या जिवावर झाले. ह्यू जॅकमन यांनी ‘द म्युझिक मॅन’च्या प्रयोगानंतर प्रेक्षकांसमोर थांबून, ऐनवेळी नायिकेची भूमिका केलेल्या नटीचं आणि सगळ्या स्विंग मंडळींचं तोंड भरून कौतुक केलं. २०२२च्या टोनी सोहळ्यातही त्यांचे आभार मानले गेले. आभार. पुरस्कार नाही. नटांच्या संघटनेने २०१८मध्येच मागणी केली होती की संपूर्ण नटसंचासाठी एक आणि कोरससाठी एक असे दोन टोनी सुरू करा. अजून ते झालेलं नाही.

याबाबतीत माझ्या मनात कायमची कोरलेली घटना आहे १९९६ची. ज्युली अँड्र्यूज ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ करत होत्या. त्या हंगामात त्या नाटकाला एकच नामांकन मिळालं, त्यांना, अभिनयाचं. बाकी कुणालाच नाही. दुपारचा प्रयोग संपल्यावर त्या पडद्यासमोर आल्या आणि म्हणाल्या की मी हे नामांकन स्वीकारू शकत नाही, माझ्या ज्या सहकाऱ्यांकडे ढळढळीत दुर्लक्ष झालं आहे त्यांच्यासोबत उभी राहणं मी पसंत करते. त्यांना स्पर्धेतला अभिनयाचा टोनी तोपर्यंत कधीच मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. त्यांचं नाटक पुरस्काराच्या लायकीचं होतं की नव्हतं हा वेगळा वाद. पण एकट्या नटीचा अभिनय नाटकातून सोलून वेगळा काढता येतो, या समजुतीलाच त्यांनी नकार दिला, आणि हाताशी आलेलं नामांकन सोडून दिलं. त्या नकाराला मी दंडवत घालते.

२०१९मध्ये हा प्रश्न लाकडी उतारापर्यंत येऊन ठेपला. ‘ओक्लाहोमा’च्या पुनरुज्जीवनातल्या भूमिकेसाठी ॲली स्ट्रोकर यांना टोनी मिळाला. चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या कलाकाराला टोनी मिळण्याची ती पहिली वेळ. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या प्रेक्षागृहात आपल्या सहकाऱ्यांसोबत नव्हत्या, मंचामागे वाट बघत होत्या. कारण रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये प्रेक्षागृहातून मंचावर जायला उतार नव्हता. त्याच रात्री ‘ओक्लाहोमा’ला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा पुरस्कार मिळाला आणि सगळा संच मंचावर गेला, तेव्हा त्या त्यांच्यात नव्हत्या. त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं की नाट्यगृहांनी मंचामागचा भागही सगळ्यांना वावरता येईल असा करावा. एक फळी लागली असती. ज्या सोहळ्यात मिनिटामिनिटाचं नियोजन असतं त्यात ती फळी कुणाला सुचली नाही, कारण मंचावर कोण येणार याचं चित्र आधीच ठरलेलं होतं.

आपण हे सगळं का बघायचं? एक कारण सरळ आहे. ए. आर. रहमान यांचं संगीत असलेलं ‘बॉम्बे ड्रीम्स’ २००४मध्ये ब्रॉडवेवर गेलं तेव्हा आपल्याकडे त्याचं केवढं अप्रूप होतं. त्याला तीन नामांकनं मिळाली: वेशभूषा, वाद्यवृंद संयोजन आणि नृत्यरचना. नृत्यरचनेत अँथनी व्हॅन लास्ट यांच्या जोडीने फराह खान यांचं नाव होतं. मुंबईच्या त्या गोष्टीची टोनीने जी दखल घेतली ती सगळी आज ज्यांना आधीच्या पंगतीला बसवतात त्याच कामांची होती. आपल्या माणसांना तिथे जागा मिळाली ती याच दारातून.

दुसरं कारण घरचं आहे. आपल्याकडेही जूनमध्ये, १४ तारखेला गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी, नाट्य परिषद पुरस्कार देते. वाहिन्यांचे झगमगते सोहळे आहेत, राज्य नाट्य स्पर्धा आहे. यातल्या काही गोष्टी आपण टोनीपेक्षा बऱ्या करतो, हे मी अभिमानाने म्हणते. राज्य स्पर्धेच्या निकालात नेपथ्य आणि प्रकाशयोजनेबरोबर रंगभूषेलाही पारितोषिक असतं. टोनीच्या २६ विभागांत रंगभूषा किंवा केशभूषा आजही नाही. ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं टोप घडवणारे पॉल हंटली यांना २००३मध्ये गौरवलं गेलं ते स्पर्धेबाहेरच्या सन्मानाने. आपल्या वाहिन्यांच्या सोहळ्यात व्यावसायिक नाटकांशेजारी प्रायोगिक नाटकांना वेगळी जागा असते. टोनीला ५०० खुर्च्यांच्या खालचं नाटक दिसतच नाही.

आणि एक गोष्ट तर आपल्याकडे अशी आहे जी मी ब्रॉडवेवाल्यांना हात धरून दाखवीन. पडदा उघडण्याआधी अंधार होतो आणि निवेदन सुरू होतं. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था, सूत्रधार. प्रेक्षक त्या वेळी मोबाइल बंद करत असतो, शेंगदाण्याची पुडी बॅगेत टाकत असतो, पण नावं त्याच्या कानावरून जातात. त्या एकांकिकांच्या दिवसांत विंगेतल्या स्टुलावर बसून, पहिल्या कॅसेटच्या बटणावर बोट ठेवून, मी अंधारात माझं नाव ऐकलं आहे. त्यानंतर बोट थरथरायचं थांबायचं.

तरीही आपले टीव्हीवरचे सोहळे झपाट्याने त्याच वाटेला लागले आहेत. तांत्रिक पुरस्कार चित्रीकरणाआधी किंवा संकलनात कापून, मुख्य भागात नाच आणि विनोदी प्रहसनं. मालिकांतल्या कलाकारांना मंचावर आणायचं, आणि वर्षभर टेम्पोमागून सेट घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाला खुर्ची मिळाली तर मागे. न्यूयॉर्कला निदान पाऊणशे वर्षांच्या याद्या तरी जपलेल्या आहेत, कुठून कुठे आलो ते बघता येतं.

तर मागणी नेमकी सांगते. स्पर्धेतले सगळे पुरस्कार एकाच मंचावरून, एकाच प्रक्षेपणात. १९६३मध्ये थांबलेला रंगमंच तंत्रज्ञांचा आणि १९६४मध्ये थांबलेला वाद्यवृंद संचालकांचा पुरस्कार पुन्हा सुरू करा. कोरससाठी, स्विंगसाठी खण करा. ज्या कामाचं मर्म मतदारांना कळत नाही तिथे ध्वनीसारखी कळणाऱ्यांचीच मतं घ्या. मंचाला कायमचा उतार बसवा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, निम्म्याहून अधिक तर टोनीने पूर्वी केलेल्या आहेत किंवा दुसऱ्या कुणीतरी करून दाखवल्या आहेत.

शेवटची मागणी माझी खासगी आहे. डोरा चेंबरलेन ज्या मार्टिन बेक थिएटरच्या खिडकीत बसायच्या त्याचं नाव २००३पासून अल हर्शफेल्ड थिएटर आहे. २०२१च्या त्या तुटक सोहळ्यात सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरलेलं ‘मुलां रूज’ तिथेच उभं राहिलं. खिडकी तिथे अजूनही आहे, आणि तिच्यामागे कुणीतरी बसतं, पावसात भिजत रांगेत थांबलेल्या माणसाला बाल्कनीतली परवडणारी जागा शोधून देतं. पुढच्या जूनमध्ये विशेष पुरस्कारांच्या यादीत एक जागा त्या खिडकीसाठी ठेवा, आणि तो पुरस्कार प्रक्षेपणाच्या अगदी सुरुवातीला द्या.